सुट्या तबकड्या आणि विश्वसनीयतेचा प्रश्न

संगणकाच्या स्मरणसाठ्याचे ढोबळमानाने दोन प्रकार कल्पिता येतात. एक यंत्राच्या पोटात कायमचा बंद केलेला. दुसरा यंत्रातून काढून घेता येणारा, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येणारा. या दुसऱ्या प्रकारास आपण येथे 'सुटी तबकडी' म्हणू, आणि ती ज्या यंत्रात बसवून फिरविली जाते त्यास रूढ झालेलाच 'ड्राइव्ह' हा शब्द वापरू. हे दोन शब्द वेगळे राखणे आवश्यक आहे. व्यवहारात 'डिस्क खराब झाली' असे आपण सरसकट म्हणतो. परंतु दोष तबकडीत आहे, ड्राइव्हमध्ये आहे की त्या दोहोंच्या संबंधात आहे, याचा बोध त्या वाक्यातून होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की सुट्या तबकडीची विश्वसनीयता हा एकट्या तबकडीचा किंवा एकट्या ड्राइव्हचा गुण नसून तो त्यांच्या संबंधाचा गुण आहे. आणि ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे वाचविता येण्याजोगी सामग्रीही हातची जाते.

भाषाभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न साहजिक आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणकावर सिद्ध झालेली क्षेत्रीय सामग्री, म्हणजे शब्दसंग्रह, बोलींची टिपणे आणि पुढे ध्वनिमुद्रणेही, अशा सुट्या तबकड्यांवर साठविण्याची पद्धत होती. ज्यांच्या मुखातून ती सामग्री मिळाली त्यांपैकी अनेक वक्ते आज हयात नाहीत. पुस्तक हरवले तर दुसरी प्रत शोधता येते. हरवलेले मुद्रण पुन्हा करावयास तो वक्ता परत येत नाही. म्हणून कपाटात पडून असलेल्या तबकडीस हात लावण्यापूर्वी तिचा स्वभाव जाणून घेणे हे आपल्या शास्त्राचेच काम आहे.

१

सुट्या तबकडीची कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या तबकडी-साठ्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या यंत्रातच जखडलेल्या होत्या. १९६२ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने '१३११' हा ड्राइव्ह जाहीर केला. त्यातील १४ इंची सहा तबकड्यांचा संच झाकणासह उचलून बाहेर काढता येत असे. संचाचे वजन सुमारे साडेचार किलोग्रॅम व सामावणी सुमारे वीस लक्ष अक्षरांची होती. एकाच यंत्रावर हवे तितके संच आळीपाळीने चालविता येऊ लागले, ही मोठीच सोय झाली. परंतु त्याच क्षणी एक नवा प्रश्नही जन्मास आला. बंद साठ्यात एका हेडचा आयुष्यभर एकाच तबकडीशी संबंध येतो. सुट्या साठ्यात एका हेडला अनेक तबकड्यांशी आणि एका तबकडीला अनेक हेडांशी जुळवून घ्यावे लागते.

हेड म्हणजे चुंबकीय खुणा लिहिणारा व वाचणारा सूक्ष्म अवयव. ध्वनिफीत-यंत्राच्या परिचयामुळे हा शब्द वाचकांना नवा नाही. तबकडीवर वर्तुळाकार मार्गिका असतात आणि हेडने नेमक्या त्या मार्गिकेवर येऊन थांबावयाचे असते. साडेतीन इंची फ्लॉपीत हे काम अगदी भाबड्या रीतीने चाले. हेड सरकविणारी मोटर ठराविक पावले टाकी आणि मार्गिका तेथेच असेल असे गृहीत धरी. ती खरोखर तेथे आहे काय, हे पडताळण्याचे साधन नसे. त्यामुळे एखाद्या ड्राइव्हचे हेड किंचित सरकले, तर तो सगळ्याच मार्गिका किंचित सरकवून लिही. गंमत अशी की त्याने लिहिलेले त्याला स्वतःला निर्वेध वाचता येई; दुसऱ्या ड्राइव्हला मात्र ते वाचता येत नसे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्या ड्राइव्हची एक व्यक्तिबोली तयार होई, आणि तिचा वक्ता व श्रोता तो एकटाच असे. अशा ड्राइव्हची दुरुस्ती करून हेड जागेवर आणले की, पूर्वी त्यानेच लिहिलेल्या तबकड्या त्यालाही अपरिचित होत. येथे तबकडी निर्दोष, दुरुस्त झालेला ड्राइव्हही निर्दोष. तरी वाचन होत नाही. दोष संबंधात असतो म्हणतात तो असा.

२

फ्लॉपीची सामावणी जेमतेम १.४४ मेगाबाइट होती. छपाईसारख्या व्यवसायात चित्रे व पृष्ठे नेण्या-आणण्यास ती अगदीच अपुरी पडे. १९८० च्या दशकात सायक्वेस्ट कंपनीची ४४ मेगाबाइटची टणक तबकडी व आयोमेगा कंपनीची 'बर्नूली' ही लवचिक तबकडी या दोन वाटांनी ती उणीव भरून काढण्याचा यत्न झाला. बर्नूलीची युक्ती सुंदर होती. वेगाने फिरणारी लवचिक तबकडी हवेच्या प्रवाहामुळे हेडच्या निकट खेचली जाई. धूळ आली किंवा वीज गेली की ती आपोआप हेडपासून दूर होई. अपघात झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, अशी ही रचना होती.

१९९५ मध्ये आयोमेगाने 'झिप' ड्राइव्ह विक्रीस आणला. तबकडी लवचिक आणि आकाराने फ्लॉपीच्या जवळपास. सामावणी मात्र १०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे सत्तरपट. फ्लॉपी मिनिटास ३०० फेरे घेई, तर झिपची तबकडी २९०० हून अधिक. मार्गिका इतक्या दाट असताना मोटरच्या पावलांवर विसंबून चालणार नव्हते. म्हणून मार्गदर्शक खुणा कारखान्यातच तबकडीवर कोरून दिल्या जात व त्या वाचून हेड आपली जागा ठरवी. फ्लॉपीतील व्यक्तिबोलीचा दोष याने नाहीसा झाला. सर्व ड्राइव्हांना तबकडीवरील एकच प्रमाण मिळाले. परंतु आता ड्राइव्ह तबकडीवरील खुणांचा आश्रित झाला. त्या खुणा वाचता आल्या नाहीत तर आपण कोठे आहोत हेच त्यास उमगत नसे. शिवाय सामान्य ड्राइव्हला त्या खुणा पुन्हा लिहिता येत नसल्यामुळे, प्रबळ चुंबकाने पुसली गेलेली झिप तबकडी कायमचीच निकामी होई.

अशा वेळी ड्राइव्ह काय करी? तो हेड तबकडीच्या बाहेर मागे घेई आणि पुन्हा आत सोडून नव्याने वाचण्याचा यत्न करी. या हालचालीचा 'टक्' असा आवाज होई. एखाद-दुसऱ्या वेळी हा आवाज येण्यात वावगे काही नव्हते. परंतु हेड बिघडले असेल तर प्रत्येक यत्न फसे आणि टक्-टक् असा ताल अव्याहत चालू राही. वापरणाऱ्यांनी या आवाजास इंग्रजीत 'मृत्यूची टकटक' अशा अर्थाचे नाव दिले व ते सर्वतोमुखी झाले.

३

येथवर हा एका यंत्राचा बिघाड झाला. त्याची पुढली पायरी अधिक गंभीर होती. झिपची हेडे अतिशय बारीक असून ती तबकडीच्या कडेवरून आत शिरत. कड गुळगुळीत असेपर्यंत बाधा नसे. परंतु हेड वाकले वा जागचे ढळले असेल, तर आत शिरताना ते कडेस इजा करी. इजा झालेली तबकडी दुसऱ्या, पूर्णपणे निरोगी ड्राइव्हमध्ये घातली की तिची फाटकी कड तेथील हेडास अडे व तेही बिघडे. हा दुसरा ड्राइव्ह मग आणखी तबकड्यांच्या कडा बिघडवू शके. म्हणजे तबकडीकडून ड्राइव्हकडे, ड्राइव्हकडून तबकडीकडे असा दोष पसरत जाई. स्टीव्ह गिब्सन या संगणकतज्ज्ञाने १९९८ मध्ये या बिघाडाची चिकित्सा प्रसिद्ध केली व झिप ड्राइव्हची परीक्षा करणारी एक आज्ञावलीही विनामूल्य उपलब्ध करून दिली.

काहींनी यास संगणकातील 'विषाणू'च म्हटले. रूपक म्हणून ते समजण्याजोगे असले तरी दिशाभूल करणारे आहे. विषाणू ही आज्ञावली असते. तिच्यावर प्रति-आज्ञावलीचा उतारा चालतो. येथील संसर्ग हा निव्वळ स्पर्शाचा व आघाताचा आहे, आणि फाटलेली कड कोणतीही आज्ञावली सांधू शकत नाही.

या प्रकरणी १९९८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील डेलावेअर राज्यात ग्राहकांच्या वतीने सामुदायिक दावा दाखल झाला. वेष्टनाच्या आत ठेवलेल्या कागदावर कंपनीने आपल्या हमीस घातलेली मर्यादा ग्राहकावर बंधनकारक आहे काय, हा मुद्दा त्यात उपस्थित झाला; १९९९ मध्ये न्यायालयाने ती मर्यादा परिणामकारक मानली. २००१ मध्ये तडजोड होऊन ग्राहकांना पुढील खरेदीवर सूट देण्याचे ठरले. तात्पर्य, विक्रेत्याची हमी ही फार तर वस्तूच्या किमतीची असते. तबकडीवरील मजकुराची हमी कोणीच देत नाही.

वापरणाऱ्याची अडचण त्याच्या स्वाभाविक तर्कात होती. तबकडी वाचली जात नाही असे दिसताच कोणीही शहाणा मनुष्य दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहतो, अथवा त्या ड्राइव्हमध्ये दुसरी तबकडी घालतो. इतरत्र हीच रीत शास्त्रशुद्ध ठरते. येथे मात्र परीक्षा हेच संसर्गाचे माध्यम होते.

४

तुलनेसाठी आपल्याच शास्त्राच्या इतिहासातील एक उदाहरण घेता येईल. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ पासून १९२९ पर्यंत भारतीय भाषा-बोलींच्या ग्रामोफोन ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या. त्यांतील आवाज आज शंभर वर्षांनंतरही ऐकता येतात. लाखेच्या त्या तबकडीत आणि पोलादी सुईत घर्षण तर प्रत्यक्षच होते. परंतु झीज कोणी सोसावयाची हे रचनाकारांनी आधीच ठरवून ठेवले होते. तबकडीच्या द्रव्यात कठीण भुकटी मिसळलेली असे. तिने सुईच झिजे आणि खोबणीच्या आकाराची होई. सुई स्वस्त होती व प्रत्येक वादनाला ती बदलावी असा दंडक होता. संबंधातील जो घटक क्षुद्र व सहज बदलण्याजोगा, त्याच्यावर हानीचा भार टाकलेला होता. झिपमध्ये हेड बदलण्याची सोय नव्हती आणि तबकडीवरील मजकूर तर अमोल. हानी मात्र या दोहोंनीच वाटून घ्यावयाची होती.

५

ज्यांच्याकडे अशा तबकड्या अद्याप आहेत त्यांनी पुढील क्रम पाळावा. टकटक सुरू होताच यंत्र थांबवावे. ती तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये आणि त्या ड्राइव्हमध्ये दुसरी तबकडी घालू नये. तबकडीचे सरकते झाकण हळूच बाजूस करून उजेडात कडेची पाहणी करावी. कडेस खाच वा चीर दिसल्यास ते काम जाणत्या माणसावर सोपवावे. अनोळखी ड्राइव्ह वापरण्यापूर्वी त्यात प्रथम बिनमहत्त्वाची तबकडी चालवून पाहावी आणि तिची कड आधी व नंतर तपासावी. ड्राइव्ह निर्दोष ठरला की मोलाची तबकडी एकदाच, एका बैठकीत, अथपासून इतिपर्यंत उतरवून घ्यावी. पुढील सारे काम त्या प्रतीवर करावे व मूळ तबकडीस पुन्हा श्रम देऊ नयेत.

परंतु प्रत काढणे पुरेसे नाही. ती ताडून पाहणे अगत्याचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अनेक प्रती ताडून. प्रत्येक नकलेत नवा दोष शिरू शकतो आणि तो पुढील नकलांत उतरतो, हे पाठचिकित्सेचे मूलतत्त्व आहे. संगणकात या ताडणीस एक सोपे साधन उपलब्ध आहे: संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेला तपासणी-अंक. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी हा अंक बदलतो. तो प्रतीसोबत नोंदवून ठेवावा व ठराविक काळाने पुन्हा काढून जुळवून पाहावा. प्रती किमान तीन असाव्यात, त्या किमान दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या वास्तूत असावी. साधने भिन्न असण्याचे प्रयोजन आता वाचकांच्या ध्यानी येईल: एकाच जातीच्या दहा तबकड्या एकाच बिघडलेल्या ड्राइव्हने बाधित होऊ शकतात, त्या दहा असल्या तरी संकटाच्या दृष्टीने एकच.

सायक्वेस्ट कंपनीने १९९८ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीचा आश्रय घेतला. आयोमेगा २००८ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. सोनी कंपनीने २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबविली. तबकडी शाबूत असूनही ती वाचणारे यंत्रच न उरणे, हा संबंध तुटण्याचा अखेरचा प्रकार होय. आजच्या पेन-ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नाही, हेड नाही आणि म्हणून कडेचा संसर्गही नाही; तथापि तेथेही साठविलेला विद्युत्भार कालांतराने ओसरतो व नियंत्रक अवयव बिघडू शकतो. कोणतेही एक साधन टिकाऊ आहे अशा समजुतीवर सामग्री सोपविणे योग्य नव्हे. सामग्री टिकते ती वेळोवेळी उतरवून घेतल्याने आणि ताडून पाहिल्याने. कपाटातील तबकड्यांची यादी करून हे काम आजच हाती घेणे शक्य आहे. त्या वाचू शकणारे निर्दोष ड्राइव्ह वर्षागणिक कमीच होत जाणार आहेत.