सात वर्षं आठ महिने

तळोजा मध्यवर्ती कारागृह पनवेल तालुक्यातच, खारघरच्या टोकाला आहे. तिथून सुटलेल्यांपैकी किती जण पुन्हा गुन्हा करतात? प्रश्न साधा, पण पहिल्याच पायरीला अडतो. २०२२ अखेर देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले तीन चतुर्थांश कच्चे कैदी. जामिनावर सुटणाऱ्याचा पहिलाच गुन्हा अजून शाबीत व्हायचा असतो. मग ‘पुन्हा’ मोजायचं कुठून?

अमेरिकेनं मोजून पाहिलं. २००५ मध्ये ३० राज्यांतून सुटलेल्या सुमारे चार लाख कैद्यांचा माग नऊ वर्षं काढला, तर ८३ टक्के जणांना या ना त्या कारणानं पुन्हा अटक झालेली. (अटक म्हणजे दोष नव्हे, हे तिथंही खरंच.) हा आकडा ऐकला की लोक ‘वाटलंच होतं’ म्हणून मोकळे होतात. पण वर्षवार तक्ता बघा: पहिल्या वर्षी ४४ टक्के जणांना अटक, तिसऱ्या वर्षी ३४, नवव्या वर्षी २४. सगळ्यात निसरडं वर्ष पहिलं!

आपल्याकडे औंध संस्थानानं १९३९ मध्येच सुटकेनंतरचं हे पहिलं वर्ष जणू शिक्षेच्या आत ओढून घेतलं होतं. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला भिंती नव्हत्या. कैदी बायकामुलांसह राहून शेती करायचे. सुटण्याआधीच घर आणि काम दोन्ही हाताशी. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच वसाहतीवरून सुचला. कथा गदिमांची, आणि ते तर त्याच मुलखातले.

तरी मला थक्क केलं ते आल्फ्रेड ब्लूमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांच्या २००९ च्या अभ्यासानं. १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. अठराव्या वर्षी लुटमारीत सापडलेला पोरगा त्यानंतर सरळ राहिला, तर त्याला पुन्हा अटक होण्याची शक्यता ७.७ वर्षांत त्याच्या वयाच्या चारचौघांइतकी खाली येते. घरफोडीवाल्याला तर चार वर्षंही लागत नाहीत. म्हणजे जुन्या नोंदीलाही मुदत असते, आणि ती चक्क मोजता येते.

तळोजा एमआयडीसीत खासगी सुरक्षारक्षक व्हायचं तरी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. गुन्हा आहे का, हे तिथं पाहतातच. तो किती वर्षांपूर्वीचा, हे मी तरी आधी पाहीन.