गेम ऑन, मीटर स्लो!

फ्लॅटवर टीव्ही आहे, वायफाय आहे, शनिवारी रात्री जमणारी गँगही आहे. कमी आहे ती फक्त टीव्हीला जोडता येईल अशा एका पीसीची, म्हणजे सिनेमेही बघता येतील आणि गेमही खेळता येतील. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येणार, ‘ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू?’ तिथेच थांबा! ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘कपहेड’, ‘रॉकेट लीग’ असं काही खेळणार असाल, तर वेगळं कार्ड लागतच नाही.

एएमडीच्या रायझन 5 5600जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. कोअर सहा आणि रेटिंग फक्त 65 वॉट. पण शेवटचा ‘जी’ नीट बघून घ्या. ‘जी’ नसलेल्या 5600 मध्ये ग्राफिक्स नसतं. तो घेतलात तर कार्डाशिवाय टीव्हीवर काहीच दिसणार नाही.

रॅम 16 जीबीची एकच स्टिक न घेता 8-8 जीबीच्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन स्टिक असल्या की गेम चांगलाच स्मूथ चालतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या. ती वीज कमी खाते आणि सिनेमा बघताना घरघरही करत नाही. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून 750 वॉटचा पॉवर सप्लाय गळ्यात मारून घेऊ नका. खूप कमी लोडवर त्याची कार्यक्षमता घसरते. 80 प्लस सर्टिफिकेट असलेला 450 वॉटचा भरपूर झाला.

आता बिलाचं बघू. 1000 वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडतं. आपला पीसी खेळताना 80 वॉट घेतो असं धरलं, तर रोज चार तासांचे महिन्याला साडेनऊ युनिट होतात. तगडं कार्ड टाकलेला पीसी 350 वॉट घेत असेल, तर तेच 42 युनिट! त्यात महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर एकदम चढतो. आणि बिल चौघांत वाटलं जातं, खेळणारे दोघंच असले तरी.

सेटिंगमध्येही बचत आहे. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर 45 वॉटवर आणता येतो. बहुतेक टीव्ही सेकंदाला 60 फ्रेम्सच दाखवतात, म्हणून गेममध्ये 60 ची लिमिट लावा आणि रिझोल्यूशन 1080पी ठेवा. खेळून झालं की पीसी स्लीपवर टाका.

नवेकोरे भारी गेम 4केमध्ये अल्ट्रा सेटिंगवरच हवे असतील, तर हा पीसी तुमच्यासाठी नाही, हे सरळ सांगते. बाकीच्यांनी खरेदीला निघण्याआधी वरचं गणित न खेळणाऱ्या रूममेटला दाखवा. तो ‘चालेल’ म्हणाला, की बिनधास्त निघा!