एचबीएवनसी: सातच्या आकड्याचा हिशेब

मधुमेहाच्या एचबीएवनसी या रक्ततपासणीत ७ टक्के म्हणजे रक्तातली सरासरी साखर दर डेसिलिटरला सुमारे १५४ मिलिग्रॅम. ६ टक्क्यांना ही सरासरी १२६, ८ ला १८३, ९ ला २१२. प्रत्येक टक्क्यामागे साधारण २९ मिलिग्रॅमची वाढ.

साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगते तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, बहुतेक तशीच राहते. त्यामुळे तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून उपाशीपोटीची साखर कमी दाखवता आली, तरी एचबीएवनसीचा आकडा तेवढ्याने हलत नाही. मात्र त्यातला जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो.

७ हे उद्दिष्ट आले कुठून? अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची पातळी ७ च्या आसपास होती, दुसऱ्याची ९ च्या. ७ वाल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्के कमी आढळला. टाइप २ साठी ब्रिटनचा अभ्यास १९९८ मध्ये आला: ७.९ ऐवजी ७ पातळी राखलेल्यांत डोळे, मूत्रपिंड यांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांत २५ टक्के घट.

मग आणखी खाली का नको? हृदयविकाराचा धोका असलेल्या टाइप २ च्या १०,२५१ रुग्णांवरील ‘अकॉर्ड’ अभ्यासात एका गटाला ६ च्या खाली आणायचे ठरले. त्या गटात २५७ मृत्यू झाले, नेहमीच्या उपचारांच्या गटात २०३. २००८ मध्ये ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले.

शिवाय सरासरी चढउतार लपवते. साखर दिवसभर १४० ते १७० मध्ये राहिली काय, किंवा कधी ६० कधी २५० झाली काय, रिपोर्टवर दोन्हीकडे ७ येऊ शकते. लोहाच्या कमतरतेच्या अॅनिमियात आकडा खोटाच वर जातो. सिकलसेल या रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून तो खाली दिसतो. भारतात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रिया अॅनिमियाग्रस्त आहेत आणि विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेल आढळतो. आपल्याकडे हा मुद्दा किरकोळ नाही.

म्हणून रिपोर्ट हाती आला की शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा आणि ग्लुकोमीटरची वही ठेवा. वय, इतर आजार आणि साखर एकदम उतरण्याचा धोका पाहून आपले उद्दिष्ट ७ की ८, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.