करमणूक आणि अवधान

करमणूक हा शब्द आपल्याकडे जरा ओशाळवाण्या चेहऱ्याने उच्चारला जातो. घटकाभर गाणे ऐकत बसलेला गृहस्थ “सहज करमणूक चालली होती” असे म्हणतो, तेव्हा त्याने जणू कामचुकारपणाची कबुलीच दिलेली असते. वस्तुतः मन करमणे, म्हणजे ते कोठेतरी रमणे, ही अन्नवस्त्राच्या खालोखाल माणसाची गरज आहे. करमणूक असावी की नसावी हा वाद व्यर्थ होय. ती कोणती असावी, हा खरा प्रश्न आहे. आणि मोबाईल खिशात आल्यापासून तो दिवसातून पन्नास वेळा आपल्यापुढे उभा राहतो.

नेवाशाच्या माणसाला या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार दूर जावयास नको. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, याच ठिकाणी ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. तो ग्रंथ करमणुकीचा नव्हे हे उघड आहे; तथापि श्रोत्यांशी कसे वागावे याचा तो वस्तुपाठ आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांजवळ एकच गोष्ट मागतात, ती अवधानाची. तेवढे द्या, मग सर्व सुखाला पात्र व्हाल, असे आश्वासनही देतात. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला हा सरळ व्यवहार आहे. ऐकणारा आपले लक्ष देतो. सांगणाऱ्याने त्याचे मोल सुखाने फेडावयाचे असते.

पुढे करमणुकीची साधने बदलली, तरी चांगल्या माणसांनी हा व्यवहार पाळला. इ. स. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी पुण्यात साप्ताहिक काढले, त्याचे नावच मुळी ‘करमणूक’. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही एका स्त्रीची करुण कहाणी त्याच साप्ताहिकातून वाचकांपर्यंत पोहोचली. म्हणजे करमणुकीच्या नावाखाली त्यांनी लोकांना दुसऱ्याचे दुःख समजावून दिले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते वर्षभर चालली. या साधनांचा एक गुण सहज ध्यानात येत नाही, तो असा की त्यांना शेवट होता. अंक वाचून संपे, गीत ऐकून संपे, आणि मग घरातली माणसे त्यावर आपसांत बोलावयास मोकळी होत.

इंटरनेटला असा शेवट नाही. त्यावर चित्रफिती दाखविणाऱ्या कंपन्यांची मिळकत बव्हंशी जाहिरातींची. आपण जितके अधिक पाहू, तितक्या जाहिराती अधिक. यासाठी आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोणास पाठविले, याची नोंद यंत्र ठेवते आणि तिच्या आधारे पुढची शिफारस करते. आपण संतापाने खिळलो आहोत की कौतुकाने, याची यंत्राला फारशी पर्वा नसते. खिळलो आहोत ना, एवढे त्यास पुरते. एखादी शिवराळ चित्रफीत आपण शेवटपर्यंत पाहिली, की तिची भावंडे दारात येऊन उभी राहतात. असे महिनाभर चालले, तर ज्या शेजाऱ्याशी काल बांधावर गप्पा मारल्या, त्याच्याविषयीही मनात अढी बसावयास वेळ लागत नाही. नुकसान होते ते येथे. वेळ गेला तर भरून काढता येतो. माणसावरची माया आटली तर ती कोठून आणावी?

सुदैवाने हेच यंत्र चांगल्याचीही चव शिकते. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. नातवाच्या साहाय्याने त्यांनी ‘आपली आजी’ या नावाने गावरान स्वयंपाक दाखविण्यास प्रारंभ केला आणि २०२० साली लाखो लोक त्यांच्या चुलीभोवती जमले. तेथे भांडण नाही, भपका नाही. घरी आलेल्या पाहुण्याला सांगावे तशी कृती सांगितलेली आहे. ‘गावाकडच्या गोष्टी’ या मालिकेत खेड्यातली साधी माणसे आणि त्यांची साधी सुखदुःखे भेटतात. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर जुन्या गीताचे शब्द, कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे एकत्र मिळतात. आजीला अर्धेच आठवणारे गाणे नातीने तेथून पुरे करून द्यावे, यासारखा आनंद नाही. मराठी विश्वकोशही तेथे फुकट वाचावयास मिळतो. त्यातील हाती लागेल ती नोंद रोज वाचण्यातही मौज आहे. विनोद हवा असेल, तर पु. ल. देशपांड्यांचे ध्वनिमुद्रित कथाकथन आहेच. त्यात माणसाच्या विक्षिप्तपणाला हसू येते, पण त्या माणसाचा तिटकारा येत नाही.

निवड करताना तीन कसोट्या लावाव्यात. पाहून झाल्यावर कोणाला तरी प्रेमाने हाक मारावीशी वाटते का? जे पाहिले ते घरात सर्वांसमवेत बसून पाहता येईल का? आणि ते संपले, की थांबता येते का? तिन्हींना होकार आला, तर ती करमणूक निःशंकपणे करावी आणि दुसऱ्यालाही सुचवावी. सुचविताना मात्र पन्नास जणांना एकदम पाठवू नये. जे ज्याला आवडेल ते त्याला, दोन शब्द लिहून, पाठवावे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने गावातल्या वडिलांना एक जुने गाणे पाठविले आणि रात्री त्यावर पाच मिनिटे बोलला, तर त्या गाण्याचे सार्थक झाले.

ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसत असे परंपरा सांगते, त्या खांबाला आपण पैसाचा खांब म्हणतो. दुर्गा भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला ‘पैस’ हेच नाव दिले. पैस म्हणजे विस्तीर्ण, ऐसपैस. ज्या करमणुकीने मनात आणखी एका माणसाला बसावयास जागा होते, ती चांगली. जिच्यामुळे मन आकसते, तिला आपले अवधान देऊ नये. ते आपले आहे आणि कोणाला द्यावयाचे, हे अद्यापि आपल्याच हाती आहे.