मुलाला फुटबॉलर व्हायचंय? पैसे भरण्याआधी एवढं वाचा

मागच्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर नववीतल्या एका मुलाच्या अब्बांनी मला मशिदीबाहेर थांबवलं. "सर, हे जरा वाचून सांगा," म्हणून मोबाईल हातात दिला. इंग्रजी मेसेज होता. वर जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबचं चिन्ह, खाली मुलाचं नाव आणि 'युरोप ट्रायल'साठी निवड झाल्याबद्दल अभिनंदन. नोंदणी, व्हिसा, राहणं-खाणं मिळून साडेतीन लाख रुपये. त्यातले पन्नास हजार आठ दिवसांत भरायचे. मुलाने इन्स्टाग्रामवर टाकलेला व्हिडिओ बघून निवड केली म्हणे.

अब्बांचं बाजारात छोटं दुकान आहे. घरात दागिने मोडायची गोष्ट सुरू झाली होती. मुलगा खरंच चांगला खेळतो, हे मीच पालकसभेत सांगितलं होतं, त्यामुळे माझ्यावरही थोडी जबाबदारी आली. मुलाकडे त्याचं उत्तर तयार होतं: "सर, मुकोको सोळाव्या वर्षी बुंडेसलीगा खेळला. मी पंधराचा झालो."

म्हणून आधी मुकोकोचीच गोष्ट बघू.

युसुफा मुकोकोचा जन्म कॅमेरूनची राजधानी याउंदे इथला, तारीख 20 नोव्हेंबर 2004. वडील आधीपासून जर्मनीत, हॅम्बुर्गला राहत होते. मुलगा त्यांच्याकडे राहायला आला, तिथे सेंट पाउली क्लबच्या लहान मुलांच्या संघात खेळला आणि 2016 मध्ये डॉर्टमुंडच्या अकादमीत गेला. 21 नोव्हेंबर 2020 ला, म्हणजे सोळावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो बुंडेसलीगात उतरला. त्या लीगमधला तोवरचा सर्वांत लहान खेळाडू. महिनाभरात गोलही केला. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये जपानविरुद्ध जर्मनीकडून बदली म्हणून खेळला, तेव्हा अठरा वर्षं पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते.

व्हिडिओत दिसतं ते इथपर्यंत. पुढे डॉर्टमुंडच्या मुख्य संघात त्याची जागा पक्की झालीच नाही. 2024 मध्ये त्याला एका मोसमासाठी फ्रान्सच्या नीस क्लबकडे पाठवलं, 2025 मध्ये तो डेन्मार्कच्या कोपनहेगन क्लबकडे गेला. तो अपयशी ठरला असं म्हणणं चूक आहे, विशीतला पोरगा आहे आणि पोटापाण्याला फुटबॉलच खेळतोय. पण सोळाव्या वर्षी सगळं ठरून गेलं असं जे आपल्या मुलांना वाटतं, तसं काही झालं नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे, त्याला कुणी व्हिडिओ बघून कॅमेरूनहून उचललेलं नव्हतं. तो बापाकडे राहायला आला होता, क्लब नंतर आला. हा फरक मी अब्बांना दोनदा सांगितला, कारण सगळा प्रश्न इथेच आहे.

फिफाचा नियम काय सांगतो

फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदवता येत नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, तर चालतं. युरोपीय देशांमध्ये आपापसात सोळा ते अठराच्या मुलांना सवलत आहे. सरहद्दीजवळच्या गावांसाठी अंतराचा वेगळा नियम आहे. (आमच्या मुलांना वाटलं, सुरगाण्याहून गुजरातची हद्द जवळ आहे त्याचा काही उपयोग होईल! ती राज्याची हद्द, बाबांनो, देशाची नाही.) सुरगाण्यातला पंधरा वर्षांचा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. जर्मन क्लबला तो कितीही आवडला तरी अठरा पूर्ण होईपर्यंत त्याला स्वतःचा खेळाडू म्हणून नोंदवता येणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्याला पैसे मिळतात. खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबशी पहिला व्यावसायिक करार करतो, तेव्हा बारा ते एकवीस या वयात त्याला ज्यांनी शिकवलं त्या क्लबांना नव्या क्लबने प्रशिक्षणाचा मोबदला द्यायचा असतो. पुढे मोठ्या रकमेला दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले शंभरात पाच रुपये लहानपणीच्या क्लबांसाठी बाजूला निघतात. म्हणजे ज्याला खेळाडू हवा तो पैसे देतो. इथे खेळाडू हवा असलेला क्लबच बापाकडे पैसे मागतोय. अब्बा दुकानदार माणूस, ही गोष्ट त्यांना माझ्याआधी समजली. "म्हणजे गिऱ्हाईकच आपल्याकडे पैसे मागतंय," ते म्हणाले.

खेळ शिकवायची फी घेणाऱ्या अकादम्या आपल्याकडे आहेत, त्यात गैर काही नाही. ट्यूशनची फी देतो तशी ती द्यायची. पण फी शिकवण्याची असते, निवडीची नसते.

ट्रायलसाठी परदेशी कुणी जातच नाही असंही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2019 मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तीन महिने सरावाला गेला होता. त्या क्लबची मालकी पुण्याच्या व्यंकीज कंपनीकडे आहे. पण जाण्याआधी अनिकेतच्या नावावर काय जमा होतं बघा.

आपल्या राज्यातले दोन

अनिकेतचा जन्म 2000 सालचा. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य सरकारच्या निवासी क्रीडा शाळेत तयार झाला. 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यात तो भारताकडून खेळला. आपण अमेरिका, कोलंबिया आणि घाना, तिघांशीही हरलो. लगेच नोव्हेंबरमध्ये त्याच वयाच्या पोरांचा 'इंडियन ॲरोज' संघ आय-लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध उतरला आणि पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला 3-0 हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये आपल्या वीस वर्षांखालच्या संघाने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं, त्या ऐतिहासिक सामन्यात याच अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि बाकीचे दहा जण लढले. असं सगळं होऊन, वयाची अठरा वर्षं उलटल्यावर तो ब्लॅकबर्नला गेला. तिथे त्याला करार मिळाला नाही. परत येऊन जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीग खेळायला लागला.

29 ऑक्टोबर 2019 ला जमशेदपूरने हैदराबादला 3-1 हरवलं. पहिला गोल फारुख चौधरीचा, दुसरा अनिकेतचा. एक ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथचा, दुसरा कोल्हापूरचा. आपल्या वर्तमानपत्रांत त्या दिवशी किती ओळी आल्या असतील कोण जाणे.

फारुखची गोष्ट मला मुलांना सांगायला जास्त आवडते. जन्म 1996 चा. तो लहान वयात गाजलेला पोरगा नव्हे. 2017 मध्ये जमशेदपूर क्लब नवा निघाला, तेव्हापासून तो त्यांच्याकडे. 2018 मध्ये भारताच्या मुख्य संघात आला. 2020-21 च्या मोसमात मुंबई सिटीने लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकलं, त्या संघात होता. सप्टेंबर 2021 मध्ये नेपाळविरुद्ध भारतासाठी गोल केला. त्यानंतर मधली वर्षं संघाबाहेर. मग 12 ऑक्टोबर 2024 ला व्हिएतनाममध्ये भारत 0-1 मागे असताना फारुखने बरोबरी साधली. दोन गोलांमध्ये तीन वर्षं, आणि तेव्हा वय अठ्ठावीसच्या आसपास. एवढी वर्षं या माणसाने सकाळी उठून सराव केला असेल, त्याचा व्हिडिओ कुणी फिरवत नाही.

इथपर्यंत पोचलेल्यांनाही भरवसा नसतो. 2025 च्या जुलैत फेडरेशन आणि आयोजक कंपनीतला करार अडला, म्हणून सुपर लीगच पुढे ढकलली गेली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले, चेन्नईन क्लबने कामकाज थांबवलं. सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी स्पर्धा वर्ष संपत आलं तरी सुरू झाली नव्हती. फारुख चेन्नईनकडूनच खेळत होता. दहावी-बारावी अर्धी सोडलेल्या खेळाडूने अशा वेळी काय करायचं?

मग मी त्या मुलाला आणि अब्बांना शाळेत बोलावलं आणि आधी जनरल रजिस्टर काढलं. जन्मतारीख: 1 जून. आमच्या रजिस्टरमध्ये निम्मा वर्ग 1 जूनला जन्मलेला आहे, कारण दाखल करताना जन्माचा दाखला नव्हता म्हणून आमच्याच कुणा गुरुजींनी ती तारीख टाकली. फुटबॉलमध्ये ही चूक महाग पडते. फेडरेशन लहान वयोगटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतं, फिफा 2009 पासून सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला मनगटाचा एमआरआय करते. मुकोकोचे कागद जर्मनीत मान्य झाले, तरी त्याच्या वयाची कुजबुज आजवर थांबलेली नाही. जन्माचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, तिन्हीकडे एकच आणि खरी तारीख हवी. मूल आठवीत जायच्या आत हे काम उरकावं.

दुसरं, शालेय स्पर्धा. सुब्रतो चषक शाळेच्याच नावाने खेळतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जात. निवड करणारे तिथे येतात आणि फुकट बघतात. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून कळतात. तिथे धावणं, उडी, उंची, वजन बघतात, पण प्रवेश लहान वयातला असतो. नववीतल्या मुलाला उशीर झाला, त्याच्या पाचवीतल्या भावाला झालेला नाही. (भाऊ गोलकीपर आहे, निदान घरात तरी.) राज्य पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी ठरलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही. सुरगाण्याहून नाशिकला जाऊन येण्यात दिवस मोडतो, हे खरं. तरी साडेतीन लाखांपेक्षा एसटीचं तिकीट स्वस्त.

त्या मेसेजला आम्ही तिघांनी बसून उत्तर लिहिलं. तीनच प्रश्न विचारले: क्लबच्या अधिकृत ईमेलवरून पत्र पाठवाल का? अठराखालच्या मुलाला फिफाच्या कोणत्या नियमाने नेणार? पैसे क्लबच्या खात्यावर भरायचे की तुमच्या?

दोन निळ्या खुणा आल्या. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. दागिने कपाटात आहेत, आणि अब्बा जन्माच्या दाखल्यासाठी ग्रामसेवकाकडे खेपा घालतायत.