कांदेपोहे, सूप आणि ‘मेट’

मागच्या भागानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, की रोमँटसीमधलं हे ‘मेट’ प्रकरण नक्की काय असतं आणि तुला ते आवडतं तरी कसं? आज त्यावरच बोलू. स्पॉयलर आहेत, आधीच सांगते.

रोमँटसी म्हणजे फँटसी आणि प्रेमकथा एकत्र. आपल्याकडे हे काही अगदीच नवं नाही. नारो सदाशिव रिसबूडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची, आणि अशा कादंबऱ्यांना आपण अद्भुतरम्य म्हणतो. आजच्या पुस्तकांत जोरात चालतो तो ‘मेट’, म्हणजे जादूनेच ठरलेला जोडीदार. थोडक्यात, स्थळ वरूनच आलेलं!

आधी रेबेका यारोसचं ‘फोर्थ विंग’ (२०२३) घेऊ. वायोलेटला लेखनिक व्हायचंय, पण आई जनरल. ती पोरीला ड्रॅगनस्वारांच्या शाखेत ढकलते. बीटेकवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. पुढे वायोलेटचा ड्रॅगन टेअर्न आणि झेडनची स्गेल हे जोडपं निघतं. त्यांना फार दिवस लांब राहता येत नाही, म्हणून स्वारांनाही नाही. ड्रॅगनांनी सोयरीक जुळवली, आता माणसं निभावतात. पुस्तक मी दोन रात्रीत संपवलं, तरी वाटत राहिलं, की ही दोघं जवळ येतात त्यात निम्मं काम ड्रॅगनांनीच केलंय.

सेरा जे. मासचं ‘अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी’ (२०१६) मला इथे जास्त पटतं. रिसँड आपला मेट आहे आणि त्याला हे आधीच माहीत होतं, हे फेयराला तिसऱ्याकडूनच कळतं. ती भडकते, डोंगरातल्या घरात एकटी जाऊन राहते. त्या जगात बंध नाकारता येतो. रिसँडचे आईवडील मेट होते, तरी त्यांचं जमलं नाही. म्हणजे छत्तीस गुण जुळूनही संसार फसू शकतो! आणि होकार द्यायची रीत काय? बाईने त्याच्यासमोर खायला ठेवायचं. फेयरा त्याचं सगळं ऐकून घेते आणि मग सूप वाढते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. मग हसू गेलं.

कारण गेल्या रविवारी आमच्या वर्ध्याच्या घरी चौथं स्थळ येऊन गेलं. आई म्हणाली, “ट्रे नीट धरजो, सांडू नको.” मी पोहे दिले. संध्याकाळी फोन आला, त्यांना मुलगी पसंत आहे. घरात पेढे आले. मुलगा वाईट नाही हो, बोलायलाही बरा वाटला. पण मला काय वाटलं, हे कोणी विचारलंच नाही. मी पोहे दिले, त्यातच माझा होकार धरला गेला.

फेयराची गोष्ट उलटी आहे. ती वाढेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं.

म्हणून ‘मेट’वालं कुठलंही पुस्तक वाचताना मी एकच बघते: तिला नाही म्हणायला जागा आहे का? जागा असेल, तर तिच्या हो म्हणण्यात मजा आहे. नाहीतर ड्रॅगन कितीही मोठा असो, बैठक तीच.

मी बाबांना सांगितलंय, मला त्याच्याशी अजून दोनदा बोलायचंय, मग सांगते. बाबा गप्प आहेत. पेढ्यांचा डबा फ्रिजमध्ये आहे.

पुढच्या भागात ‘ऑनिक्स स्टॉर्म’. तोवर सांगा, कुठल्या पुस्तकातल्या नायिकेचा होकार तुम्हाला खरा वाटला?