शेत हीच प्रयोगशाळा



गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर पुढे शेतकऱ्यांचे विज्ञान-शिक्षक झाले. कोणी सांगितले म्हणून मानू नका, आपल्या रानात करून, मोजून पहा, हाच त्यांचा धडा. १९६६ साली सुरू झालेल्या त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त तासगावकडचे द्राक्षबागाईतदार आपले अनुभव एकमेकांना कळवीत. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

त्यांचा खरा सन्मान करायचा तर आपणही मोजू या. मूल भागातली धानाची बांधी असो की उसाचा खोडवा, रीत एकच. तोडणी झाली की एका गुंठ्यात, म्हणजे ३३ फूट लांब-रुंद जागेत, पाचट सरीत पसरा. शेजारच्या गुंठ्यातले उचलून घ्या. खत-पाणी दोन्हींना सारखेच द्या. पाणी दिल्यावर आठव्या दिवशी वीतभर उकरून माती मुठीत दाबा. गोळा कुठे टिकतो? फुटवे कुठे जास्त? शाळकरी मुलांना मोजू द्या, वहीत लिहू द्या.

पाचट पेटवले की त्यातले बहुतेक नत्र धुरावाटे जाते, असे आम्ही नेहमी सांगतो. पण तुमचीच वही सांगेल ते जास्त पटेल. ती वही आमच्या शेतकी खात्यात जरूर घेऊन या.